दंडावरची लस

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते आमच्या गावच्या महारवाड्यातल्या एका बाईचे. मी तिला मावशी म्हणतो. तिचे नाव इथे यावे हे तिलाच नको आहे. तिची भावकी अजून त्याच गावात नांदते, आणि गावाच्या मनातले सगळेच काही अजून निवळलेले नाही. मला शाळेत घालणारे, फी माफ करणारे, मुंबईत पाठ टेकायला जागा देणारे असे कितीतरी भले लोक भेटले आणि त्या सर्वांचा मी ऋणी आहे. पण त्यांनी दिलेले मला घेता आले ते मी जिवंत होतो म्हणून. आणि मी जिवंत राहिलो तो या बाईच्या तान्ह्या मुलीच्या दंडावर उठलेल्या एका फोडामुळे. माझी धाकटी बहीण गेली, ती त्या फोडातली लस तिच्यापर्यंत पोचू दिली नाही म्हणून.

आमचे गाव अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीवाटेवर आहे. मी सांगतो आहे तो काळ कापसाच्या तेजीचा. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती आणि तिथला कापूस विलायतेत जायचा बंद झाला होता, एवढे आमच्याकडे अडत्यांकडून कळले होते. लढाई कोणाची आणि कशासाठी, याची कोणाला पडलेली नव्हती. ज्वारीच्या शेतांत कापूस आला. ज्यांच्या घरी कांबळ्याला ठिगळे होती त्यांच्या बायकांच्या गळ्यात सोने दिसू लागले. पाटलांनी बैलांच्या शिंगांना पितळेच्या शेंब्या चढवल्या. वाटेवरून रात्रंदिवस कापसाच्या बोदांनी, म्हणजे दाबून भरलेल्या मोठ्या पोत्यांनी, लादलेल्या गाड्या जायच्या, आणि आमच्या गावाबाहेरच्या चिंचांखाली गाडीवानांचा तळ पडलेला असायचा. खानदेशातले, मोगलाईतले, नागपूरकडचे अशा सगळ्या मुलखांचे गाडीवान. कापूस त्या वाटेने गेला तशी देवीही त्याच वाटेने आली.

देवी म्हणजे अंगावर फोड उठवणारा तो आजार. आमच्याकडे त्याला आजार म्हणत नसत. माय आली म्हणत. माय घरात असली की फोडणी द्यायची नाही, पायतण घालून आत यायचे नाही, दारावर कडुनिंबाची डहाळी लावायची, आणि औषधाचे तर नावही काढायचे नाही. पाहुणी म्हणून आलेल्या देवाला कोणी औषध देऊन हाकलते का, असा साधा विचार. तो सगळ्या जातींत सारखाच होता.

त्या साली तळावरच्या एका गाडीवानाला माय आल्याची बातमी पसरली आणि चार दिवसांनी सरकारी टीकावाला, म्हणजे देवीची लस टोचणारा, आमच्या गावी आला. हे अकोल्याचे एक मुसलमान गृहस्थ. वय चाळिशीच्या आतबाहेर, बोलणे निम्मे वऱ्हाडी आणि निम्मे उर्दू. पुढे मी त्यांना चाचा म्हणू लागलो, म्हणून इथेही तसेच म्हणतो. त्यांच्याबरोबर मावशी होती. कडेवर सहा महिन्यांची मुलगी.

मावशी आमच्याच गावची. नवरा बोद दाबता दाबता छाती भरून मेला होता, म्हणून हंगामात ती अमरावतीच्या कापूसबाजारात सरकी काढायला जायची. तिथे चाचांनी तिच्या मुलीला टीका टोचला होता. त्या वेळी लस बाटलीतून येत नसे. एका लेकराच्या दंडाला नस्तराने ओरखडा काढून लस भरायची. आठवड्याने तिथे मोत्यासारखा फोड भरून येई. तो फोडून त्यातले पाणी पुढच्या लेकराच्या दंडाला. अशी दंडावरून दंडावर लस चालत जायची. फोड एखाद दिवसच कामाचा. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ होते, मग खपली धरते आणि साखळी तुटते. म्हणून टीकावाल्याला भरल्या फोडाचे लेकरू बरोबर घेऊनच गावोगाव फिरावे लागे.

आणि असे लेकरू द्यायला वरच्या जातीची कुठली आई तयार होणार? त्यामुळे टीकावाले बहुधा महारवाड्यातलेच लेकरू घेत. लस त्या लेकराकडून निघायची आणि गावात शिरायची. त्याच्या वस्तीतली बाकीची मुले मात्र तशीच राहायची, कारण गावाचे होईपर्यंत फोड संपलेला असायचा. हे मावशीने अमरावतीला पाहिले होते. म्हणून आमच्या गावात यायला ती तयार झाली ती एका अटीवर. आपल्या वाड्यातल्या पोरांना त्याच दिवशी टोचायचे. चाचांनी शब्द दिला होता.

चावडीपुढे बैठक बसली. मी तेव्हा आठनऊ वर्षांचा असेन. वडिलांच्या मांडीशी बसलो होतो. महाराच्या पोरीच्या अंगातले पाणी आमच्या लेकरांच्या अंगात घालायचे, यावर पुष्कळ आवाज चढले. एक म्हातारा म्हणाला की मेलो तरी चालेल. त्याच्या शेजारचा म्हणाला, “तू तं मरूनच राह्यला बुढ्या, पोट्ट्यायचं बोल.” लोक हसले. पण त्या हसण्यात भीती होती. तळावरचा गाडीवान त्याच सकाळी दगावला होता.

वाट काढली ती पाटलांनी. हे आमचे पाटील वाईट माणूस नव्हते. कापसाने आलेला पैसा त्यांनी गावच्या देवळाला लावला होता. त्यांना पाच वर्षांचा नातू होता आणि त्यांचा जीव त्याच्यात होता. ते म्हणाले, गावातले एक कुणब्याचे पोर पुढे करू. त्याच्या दंडावर या पोरीची लस घेऊ. आठवड्याने त्याचा फोड भरेल. मग सगळे गाव त्याच्याकडून घेईल.

“माय एकदा आपल्या लेकराच्या अंगात राह्यली म्हंजे ते आपली झाली,” असे त्यांचे म्हणणे. गावच्या जोश्यांनी मान डोलावली. त्या एका पोराला नंतर शुद्ध करून घ्यायचे ठरले.

पोर कोणाचे? सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून माझी आई बोलली की माझे घ्या. तिचेही एक म्हणणे होते. माझी बहीण तेव्हा चार महिन्यांची होती आणि त्या दिवशी तापाने फणफणली होती. चाचांनी तिच्या कपाळाला हात लावून सांगितले होते की या हालतीत हिला टोचता येणार नाही, आठवडाभर थांबा. आईने भर चावडीत कबूल करून घेतले, की माझा फोड भरला म्हणजे पहिली लस बहिणीला मिळेल. पाटलांनी हो म्हटले. वडील काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची सवयच नव्हती.

मला गावाबाहेर चिंचेखाली नेले. मावशी पदराने मुलीचे तोंड झाकून बसली होती. चाचांनी नस्तर तापवून निववले, मुलीचा फोड हलकेच टोचला आणि माझ्या दंडावर दोन ओरखडे काढले. मुलगी रडली. मी रडलो नाही, कारण सगळे गाव लांब उभे राहून बघत होते. माझे झाल्यावर मावशी उठली आणि महारवाड्याच्या वाटेला लागली. चाचा पेटी उचलून तिच्या मागे गेले. पाटील म्हणाले की उरलेली लस गावासाठी ठेवा. चाचांनी सांगितले, “पाटील, ये रखने की चीज नहीं. आज नाही वापरली तं उद्या मातीमोल.” त्या दुपारी महारवाड्यातल्या बहुतेक पोरांना टीका लागला.

मला विहिरीवर नेऊन गोमूत्राने आंघोळ घातली. कपडे जाळले. नंतर दोन दिवस पोरे मला खेळायला घेत नव्हती. “तुह्या अंगात महारीन हाय,” असे म्हणून पळायची. आई म्हणायची, पळू दे, आठ दिवसांनी सगळे तुझ्याच दारात उभे राहतील.

चाचांनी जाताना आईला बजावले होते की या हाताला कोणी हात लावायचा नाही, पाणी लागू द्यायचे नाही. ते पुढच्या दोन गावांना जाऊन आठवडा भरताच येणार होते. आईने दंडाला सैल फडके बांधले आणि मला घरातच ठेवले. पाचव्या दिवशी ओरखडे लाल झाले, मग टरारले. सातव्या दिवशी फोड असा भरला की आई दिवसातून कितीदा तरी फडके उचलून बघायची. बहिणीचा ताप उतरला होता. आई तिला माझ्याजवळ निजवून म्हणायची, “दादाजवळ तुह्यी भेट हाय.”

आमच्या घरी वडिलांची मोठी बहीण असायची. बालपणी विधवा झालेली. घर तिच्या हातात, आणि देवधर्मही. माझ्यावर तिचा फार जीव. सातव्या दिवशी आई विहिरीवर गेली असताना आत्याने गल्लीतल्या बायका जमवल्या. सगळ्या सोवळ्याने आल्या, हळदकुंकू घेऊन आल्या. माय आपल्या घरी आली आणि सात दिवस तिची कोणी विचारपूस केली नाही, या गोष्टीने आत्याला झोप येत नव्हती. उद्या गावभर जायची ती, आणि आज तिला नुसत्या फडक्यात गुंडाळून ठेवली! आत्याने मला पाटावर बसवले. दंडावर थंड दही घातले. मग वाटलेला कडुनिंब आणि हळद तळहातावर घेऊन, गाणे म्हणत, ती माझा दंड माखू लागली. देवाची मूर्ती चोळतात तसे. बायका पाया पडत होत्या. मला दुखले म्हणून मी हात ओढला. आत्या म्हणाली, “मायची मालिश हाय बाप्पा, दुखत नाई.”

फोड फुटला. आई घागर घेऊन दारात आली तेव्हा दही, हळद आणि पाणी माझ्या कोपरावरून गळत होते. आईने घागर ठेवली नाही. ती डोक्यावर तशीच घेऊन उभी राहिली. आत्याने आनंदाने तिला बोलावले, “ये व, तू बी पाया पड.”

दुसऱ्या दिवशी चाचा आले. माझा दंड पाहून त्यांनी डोळे मिटले. खपलीखाली काहीच नव्हते. माझ्यापुरते काम झाले होते. मला आता देवी येणार नव्हती. पण माझ्याकडून दुसऱ्या कोणाला काही मिळणार नव्हते.

चाचांनी लगेच सांगितले की काळजी नाही. महारवाड्यात त्याच दिवशी टोचलेली पोरे आहेत, त्यांचे फोड आज भरलेले आहेत. सगळ्या गावाला पुरून उरेल. आत्ता चला, उद्या उशीर होईल. मावशीने वाड्यातल्या बायकांना पोरे घेऊन ओट्यावर बसवलेही होते. ज्या गावाने तिच्या मुलीला लांबून पाहिले, त्या गावासाठी तिने दारोदार जाऊन आयांची समजूत काढली होती. असे का केले, हे मी तिला पुष्कळ वर्षांनी विचारले. तिने सांगितले की गावात माय शिरली तर ती वाडा सोडून थोडीच राहणार, आणि वाड्यात दोन लेकरे टोचायची राहिली होती. शिवाय तुझ्या आईने आपले पोर पुढे केले होते ना, असेही म्हणाली.

पुन्हा चावडी भरली. या वेळी कोणी हसले नाही. आठवड्यापूर्वी एका पोराच्या आडून जे चालले असते ते आता सरळ घ्यायचे होते, आणि ते कोणालाच जमेना. चाचा म्हणाले की मी काचेच्या तुकड्यांत लस भरून इथे आणतो, वाड्यात जायचे कारण नाही. तेव्हा जोश्यांनी विचारले, “पण कोनाच्या हातची ते कुराणावर हात ठेवून सांगा.”

 चाचा म्हणाले, “पूछा नहीं होता तो अच्छा था.”

तिथेच सगळे संपले. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की त्या माणसाने एक खोटे बोलायला हवे होते. चाचाही म्हातारपणी तेच म्हणाले. मला अजून ठरवता येत नाही.

पाटलांनी जाहीर केले की अमरावतीहून चांगल्या घरचे टीका टोचलेले लेकरू आणवू, हवा तेवढा खर्च करू. पैसा खरोखर होता. पण गाडी नव्हती. अकोल्याला व्यापाऱ्याचा माणूस येऊन बसला होता, भाव उतरायला लागल्याची कुणकुण होती, आणि गावातली प्रत्येक गाडी कापूस भरून निघालेली किंवा निघायच्या बेतात होती. पाटलांच्या स्वतःच्या गाड्या अकोल्याच्या वाटेवर होत्या. परत येऊ दे, मग पाठवू, असे ठरले.

त्या संध्याकाळी दिवे लागायच्या आधी आईने बहिणीला फडक्यात गुंडाळले, मला हाताला धरले आणि ती घराच्या मागच्या बाजूने निघाली. कुठे जायचे ते तिने सांगितले नाही, पण मला कळले. शेताच्या बांधावरून महारवाड्याकडे जाणारी एक पायवाट आहे. बांधाच्या टोकाला बाभूळ आहे. तिथून वाड्यातले ओटे दिसतात. मला मावशी दिसली. ती उभी राहिली होती.

बाभळीपाशी वडील होते. आत्याने सांगितले असावे. ते आडवे उभे राहिले नाहीत. वाटेतच खाली बसले, हात गुडघ्यांवर ठेवून.

आई म्हणाली, “सरका.”

 वडील म्हणाले, “सारं गाव पाहून राह्यलं. आज हे पोट्टी तिथं गेली, तं उद्या हिच्याशी लगन कोन करीन?”

“वाचली तं करीन ना कोनी.”

“अमरावतीहून आनूनच राह्यले पाटील. दोन दिसाचा सवाल हाय.”

आई ओरडली नाही, भांडलीही नाही. वडिलांनी तिला आयुष्यात कधी हात लावला नव्हता, कधी वाकडे बोलले नव्हते. त्या दिवशीही ते विनवीतच होते. तसे नसते तर ती कदाचित पुढे गेली असती. ती बहिणीला थोपटत तिथेच उभी राहिली आणि अंधार पडल्यावर आम्ही परत फिरलो.

पुढचे थोडक्यात लिहितो. गाडी अमरावतीला गेली तोवर गावात तीन घरांच्या दारांवर डहाळ्या लागल्या होत्या. अमरावतीच्या चांगल्या घरांनीही आपले लेकरू द्यायला नकार दिला. गाडी रिकामी आली. पाटलांचा नातू गेला. चावडीपुढे हसवणारा तो माणूस गेला. आत्या वाचली, पण तिचे दोन्ही डोळे गेले, आणि माझा दंड चाचपून ती कधी रडायची तर कधी पाया पडायची. माझ्या बहिणीच्या अंगावर तिळाएवढीही जागा कोरी राहिली नाही. आईने फोडणी दिली नाही, डहाळी लावली, थंड पाणी शिंपडले, सगळे केले. मी तिच्याजवळ निजत होतो आणि मला काही होत नव्हते. बहीण गेली त्या दिवशी वडील शेतात निघून गेले आणि कापूस वेचत राहिले. बायकांचे काम ते. एकटे पुरुष माणूस वेचणीच्या पातीत वाकलेले कोणी पाहिले नव्हते.

महारवाड्यात जवळजवळ सगळी पोरे वाचली. गावाला याचा आनंद व्हायला हवा होता असे मी म्हणणार नाही. माणसाचे मन तसे नसते. पण जे झाले तेही व्हायला नको होते. त्यांनी मायला आपल्याकडे बांधून ठेवली आणि आमच्यावर सोडली, असे बोलले जाऊ लागले. मग वाड्याचे बलुते थांबले. नदीवरची त्यांची पाण्याची जागा बंद झाली. सरपण तोडू दिले जाईना. सगळ्यांचे बोट मावशीकडे होते, कारण ते पाणी गावात तिने आणले होते. वाड्यावरचा राग निवावा म्हणून एके सकाळी ती मुलीला घेऊन कापसाच्या गाड्यांमागून चालत अकोल्याला निघून गेली. तिला कोणी घालवले नाही. पण थांब असेही कोणी म्हटले नाही.

दोन वर्षांनी चाचांच्या सांगण्यावरून आईने मला अकोल्याच्या सरकारी शाळेत घातले. मी आमच्या घरातला पहिला अक्षर ओळखणारा. सुट्टीच्या दिवशी चाचा मला कापसाच्या बाजारात नेत. मावशी तिथे सरकी काढायच्या रेच्यावर बसलेली असे, डोक्यापासून पापण्यांपर्यंत कापसाचे तंतू. ती माझ्याशी थोडेच बोले. प्रत्येक वेळी एवढे मात्र विचारी, की तुझी माय जेवते का नीट.

त्या दिवसांत एका डॉक्टरसाहेबांनी चाचांना कारण लिहून मागितले, की आमच्या गावात एका वस्तीत लोक वाचले आणि दुसरीत मेले ते का. चाचा आमच्या आणि आसपासच्या गावांत घरोघर विचारत फिरले आणि सुट्टीत मला लिहायला बरोबर घेऊन गेले. विचारायचे कसे हे मी तिथे शिकलो. “टीका कावून नाई घेतला” असे विचारले की लोक देवाचे नाव घेत. “कोन येऊन बोलला असता तं घेतला असता” असे विचारले की बायका हळूच सांगत, आमच्यासारखी कोणी बाई. हे उत्तर वेगवेगळ्या जातींच्या ओसऱ्यांवर इतक्या वेळा आले की चाचांनी एक दिवस पेटी मिटली आणि मावशीकडे गेले.

त्यानंतर टीक्याच्या आधी मावशी गावोगाव जाऊ लागली. सरकारी नोकर म्हणून नव्हे, वेचणीची बाई म्हणून. वेचणीच्या वेळी शेतात सगळ्या जातींच्या बायका असतात. पाण्याची मडकी वेगळी, जेवायच्या सावल्या वेगळ्या, पण वेचायच्या ओळी, पाती, शेजारी शेजारी. वाकून वेचता वेचता मावशी आपल्या मुलीच्या दंडावरचा वण दाखवी आणि बोलत राही. पातीपातीने ते गोष्टीसारखे शेताच्या दुसऱ्या टोकाला पोचे. मग पहाटे, पुरुष उठायच्या आत, आया लेकरे घेऊन तिच्याकडे येत आणि चाचा टोचत. कोणाच्या हातची, असे बायकांनी तिला कधी विचारले नाही. पण हे उघडपणे कधीच झाले नाही, आणि ज्या गावच्या पाटलाला सुगावा लागे तिथून तिला पळावे लागे. एकदा तिचे डोके फोडले. ती खूण अजून आहे.

मी मॅट्रिक झालो त्या साली आई अकोल्याला आली. ती मावशीला भेटायला म्हणून बाजारात गेली आणि रेच्याजवळ तिच्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, “म्या यायले पाह्यजे होतं त्या दिसी.”

मावशीने हात थांबवला नाही. “मले दिसल्या तुमी,” ती म्हणाली. “म्या दिवा लावून ठेवला होता. मंग इझवला.”

आई त्यानंतर फार वर्षे जगली नाही. मी पदवी घेऊन आलो ते तिने पाहिले.

आता मी तालुक्याच्या कचेरीत नोकरीला आहे. टीक्याचे काम काही अंशी माझ्याकडे आले आहे. परवा मी मावशीला पत्र पाठवले. ते तिला तिच्या जावयाने वाचून दाखवावे म्हणून सोपे लिहिले. उत्तर अजून यायचे आहे. पत्र असे.

मावशीस दंडवत.

तुम्ही मला भेटलात की जोहार करता. मी किती वेळा सांगितले तरी सोडत नाही. म्हणून कागदावर तरी मी आधी दंडवत घालतो.

लस आता वासराकडून काढून डब्यांतून येऊ लागली आहे. साहेब म्हणतात, आता कोणाच्या हातची हा प्रश्नच मिटला. मला तसे वाटत नाही. पूर्वी लसीसाठी तरी तुमच्या वस्तीत यावे लागे. आता तेवढेही कारण उरले नाही. मी या तालुक्यात घरोघर विचारून पाहिले. जिथे डबा आधी पाटलाच्या ओसरीवर उघडतो, तिथून तो वाड्यापर्यंत जात नाही. हे मी वर लिहून पाठवले. उत्तर आले की माहिती उपयुक्त आहे आणि नोंद घेतली आहे. दुसरे काही आले नाही.

तेव्हा माझ्या हातात आहे तेवढे मी केले. आपल्या गावची टोचणी या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी ठेवली आहे, ती तुमच्या वाड्यातल्या ओट्यावर. सगळ्या गावासाठी तीच एक जागा आणि एकच रांग. माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. ती त्या रांगेत असेल. माझ्या सासरच्यांनी घरी येणे बंद केले आहे. बायको येते म्हणाली आहे, पण काल रात्री रडत होती. वडील थकले आहेत. त्यांना मी सांगितले आहे.

गावातले कोणी येईल असे मला वाटत नाही. तुम्ही चार दिवस आधी येऊन वेचणीच्या बायकांशी बोललात तर काही जणी येतील. ज्या गावाने तुम्हाला जाऊ दिले त्या गावात तुम्ही पुन्हा यावे, असे म्हणायचा मला हक्क नाही, आणि तुमच्या डोक्याला लागले आहे हेही मला ठाऊक आहे. यावेसे वाटले नाही तर येऊ नका. जावयाकडून तसे दोन शब्द लिहून पाठवा, म्हणजे मी वाट पाहणार नाही. टोचणी ठरल्याप्रमाणे होईल.

आलात तर मुक्काम माझ्या घरी. स्वयंपाक बायको करील आणि आपण सगळे एका ओळीत बसू. तिला मी विचारले आहे.

तुमचा,
ज्याला तुम्ही अजून पोट्टा म्हणता तो.